फोटोतली रायफल

मॅरिएटा, ओहायो
गुरुवार, २१ नोव्हेंबर २०१९

प्रिय नोरीन,

तू बरी असशील. तुझ्या बहिणीची, जोॲनची कंबर आता कशी आहे? पुढच्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगला टर्की तीच भाजणार असेल, आणि नेहमीसारखी कोरडी करणार. इकडे तीन दिवस पाला गोळा करतोय, तरी अंगण होतं तसंच. गुडघा थंडीत कुरकुरतो. आपली डेझी मार्चमध्ये गेली. म्हातारी झाली होती बिचारी कुत्री, शेवटी जिना चढवत नव्हता तिला. तुला कळवायचं राहून गेलं. खरं म्हणजे राहून गेलं नाही, मी कळवलं नाही.

घटस्फोटाच्या कागदांनंतर हे माझं पहिलंच पत्र. तेव्हा फाडायचं असेल तर पूर्ण वाचून फाड. सोबतचं पुडकं मात्र पत्र संपेपर्यंत उघडू नकोस.

मी गेली सहा वर्षं गॅरेजमध्ये एक रायफल बनवतोय. दचकू नकोस. मर्लच्या बंदुकांच्या दुकानातून रीतसर घेतलेली साधी रायफल आहे, बाजारात कुणालाही मिळते तशी. बनवतोय म्हणजे तिला ब्रेंटच्या रायफलीसारखं रूप देतोय. तो अफगाणिस्तानातला फोटो तुला आठवतो ना? मातीच्या भिंतीपाशी उभा, छातीवर आडवी रायफल, आणि हसू असं की दाढा मोजाव्यात. तो त्याने मला पाठवला होता. खाली लिहिलं होतं, ‘बाबा, ही माझी. कशी आहे?’ मी तो मोठा छापून घेतला आणि कामाच्या टेबलावर टाचला.

मग एकेक भाग मागवत गेलो. पुढच्या बाजूला नेम धरायच्या लेसरची डबी आहे बघ, वाळूच्या रंगाची. खरी लष्कराबाहेर कुणी देत नाही. मग नकली मागवली. प्लास्टिकची, आत नुसती पोकळ, पोरांच्या खेळण्यातली. ती आली काळी. मी तीन हात रंग दिला, सुकल्यावर घासणीने कोपरे उडवले, कारण फोटोत कोपरे उडालेले आहेत. तिच्यावरची पिवळी चिठ्ठी फोटोत जरा वाकडी आहे, म्हणून मीही वाकडीच चिकटवली. दोनदा सरळ बसली, दोनदा उपटली. नळीखालच्या आवरणाचा एक तुकडा फोटोत नाहीये, तेवढी जागा उघडी ठेवली. दस्त्यावर हिरव्या चिकटपट्टीचे दोन वेढे. जास्तीचा रंग एका चौकड्यांच्या फडक्याने पुसायचो. बाजूवर एक लांब ओरखडा आहे. तो किल्लीने ओढला, भिंग लावून. मर्ल मला म्हणायचा, अरे रस, लेका, लोक रायफलीला ओरखडा पडू नये म्हणून जपतात, आणि तू ओरखडा मारायला चष्मा शोधतोस.

अशा वेड्यांचा कॉम्प्युटरवर एक अड्डाच आहे. तिथला नियम एकच: फोटोत दिसतं ते खरं, तोंडी कुणी काहीही सांगो. एकाने मला झापलं होतं, काका, तुमच्या मुठीचा स्क्रू दोन हजार तेरानंतरचा आहे, तुमची रायफल दोन हजार दहाची, हा तिथे आलाच कसा? मी तो काढून जुना स्क्रू मागवला, तो यायला पाच आठवडे लागले. त्या मंडळींना मी सांगितलंय की रायफल माझ्या पुतण्याची, तो सुखरूप परत आला, आता कोलंबसला असतो, दोन मुली आहेत. ते अधूनमधून विचारतात, पुतण्या कसा आहे? मी लिहितो, मजेत आहे. एकदा तर मुलींची नावंसुद्धा सांगितली.

ऑगस्टमध्ये काम पुरं झालं. झालं, तर आता काय करायचं ते कळेना. मग रूबेन आल्डानाला पत्र टाकलं. आठवतो ना, ब्रेंटच्या तुकडीतला, दफनाच्या दिवशी हात गळ्यात बांधलेला, तरी शवपेटी उचलायला पुढे आलेला. म्हटलं, ये एकदा, तुला काही दाखवायचंय.

तो गेल्या शनिवारी सकाळी आला. केस पिकायला लागलेत त्याचे. बेकरीतला ॲपल पाय आणून ठेवला होता, तो त्याने मन राखायला खाल्ला. मग गॅरेजमध्ये नेलं. त्याने रायफल उचलली नाही. वाकून बघत राहिला, ओरखड्यावर बोट ठेवलं, चिकटपट्टीचे वेढे मोजले. माझी छाती फुगली होती, नोरीन. वाटलं, आता म्हणेल, अगदी हुबेहूब.

तो म्हणाला, “मिस्टर होल्ट्स, काम झकास झालंय. पण ही ब्रेंटची नाही. ही माझी आहे.”

मी म्हणालो, फोटो आहे की. वर बोट दाखवलं. तेव्हा त्याने हळूहळू सांगितलं. अशी डबीबिबी लावलेली रायफल तुकडीत तिघाचौघांकडेच होती. घरी फोटो पाठवायचा असला की पोरं पाळीपाळीने त्याची मागून घ्यायची, लग्नाला जाताना मित्राचा कोट मागून घालतात तशी. तो फोटोही त्यानेच काढलेला. ओरखडा ट्रकच्या दाराचा, त्याच्याच हातून पडलेला. ब्रेंटची रायफल अगदी साधी होती. वर फक्त दुर्बीण, बाकी काही नाही.

मी विचारलं, काहीच नव्हतं? एवढ्या वर्षांनी एवढंच विचारायचं सुचलं.

“पट्ट्याला खांद्यापाशी एक कापडी गादी होती,” तो म्हणाला. “चौकड्यांची, तपकिरी आणि पिवळ्या. आम्ही तिला आजीची रायफल म्हणायचो. तो म्हणायचा, हसा रे, माझ्या आईने हाताने शिवून पाठवलीय, आणि तीसुद्धा बाबांच्या शर्टाची.”

तो माझा शिकारीचा शर्ट. त्या हिवाळ्यात तो सापडेना म्हणून मी घर डोक्यावर घेतलं होतं. तू काही बोलली नव्हतीस.

आता जे लिहायचंय त्यासाठी हे सगळं लिहीत आलो. लष्कराकडून त्याच्या सामानाची पहिली पेटी आली तेव्हा तू होतीस. दुसरी तू गेल्यावर मे महिन्यात आली. मी तुला कळवलं नाही. रागात होतो, म्हटलं, गेलीय ना सोडून, तिला कशाला सांगू. पेटीतल्या यादीत शेवटी लिहिलं होतं: कापड, एक. उसवलेलं, विटलेलं होतं. वाटलं, बंदूक पुसायचं असेल. मी ते टेबलावर टाकलं आणि त्याने रंग पुसत बसलो. नकली डबीचा रंग, नकली ओरखड्यांची धूळ. शर्ट हरवला म्हणून तुझ्यावर ओरडलो, आणि सहा वर्षं तो हातात होता, तर ओळखला नाही.

रूबेन गेल्यावर तिथेच खुर्चीवर बसून रडलो. ब्रेंट खोटं का बोलला, ते कळलं म्हणून. ‘ही माझी’ असं त्याने मलाच लिहिलं, तुला नाही. तुला साधा ब्रेंट चालत होता. मला काय बघायला आवडतं ते पोराला पुरतं ठाऊक होतं. भरतीलाही तो त्याचसाठी गेला, नोरीन. भरतीचा अधिकारी घरी आला त्या संध्याकाळी मीच जास्त बोलत होतो.

पोरगं सतराचं. अठरा पुरी नाहीत, म्हणून भरतीच्या कागदावर आपल्या दोघांच्या सह्या लागत होत्या. तू नऊ दिवस नाही म्हणालीस. मी काय काय बोललो ते तू विसरली नसशील. त्याला पदराखाली ठेवून बायल्या करणार आहेस, असंही बोललो. दहाव्या दिवशी तू भाजीची यादी लिहायच्या पेनाने सही केलीस आणि उठून भांडी घासायला लागलीस. आणि दफनाच्या दुसऱ्या दिवशी, त्याच स्वयंपाकघरात, मी तुला म्हणालो की सही तुझीही आहे. तू हातातला कप धुऊन पालथा घातलास. एप्रिलमध्ये गेलीस. मी लोकांना सांगत आलो की दुःखाने आमचं घर मोडलं. घर माझ्या त्या एका वाक्याने मोडलं.

रायफलीवरचं सगळं काढून टाकलंय. डबी, चिकटपट्टी, चिठ्ठी. रूबेनला विचारलं, तुझी आहे, नेतोस का? तो म्हणाला, मला ती पुन्हा बघायची नाही, मिस्टर होल्ट्स, रागावू नका. मर्ल ती परत घेतोय. अड्ड्यावरही लिहिलं, की पुतण्या नव्हता, मुलगा होता, आणि तो परत आला नाही. खूप जणांची उत्तरं आलीत, अजून उघडली नाहीत.

पुडक्यात ते कापड आहे. दोनदा धुतलं, वाळूच्या रंगाचे डाग जात नाहीत, ते माझे आहेत. एका कडेचे टाके अजून शाबूत आहेत. तू नेहमी घालतेस तसे बारीक, जवळजवळ. फोटो टेबलावरच राहू दिलाय. त्यातली रायफल त्याची नसली तरी हसू त्याचंच आहे.

उत्तर दे असं म्हणणार नाही. तेवढा हक्क ठेवला नाही मी. फक्त ते वाक्य परत घेतोय, नऊ वर्षं उशिरा. भरतीच्या त्या कागदावर सह्या दोन दिसतात, नोरीन. दोन्ही मीच केल्या.

रस