वाटलेल्या गोळ्या

नवनाथभाऊ,

तुमची आई, आक्काबाई, गेली त्या दिवशी तुम्ही फोनवर विचारलंत, "ताई, आईला शिबिरातून बीपीच्या गोळ्या मिळत होत्या ना?" मी म्हणाले, "मिळत होत्या, पण त्या घेत नव्हत्या." ते अर्धंच खरं होतं. उरलेलं इथे लिहिते, पण हे पत्र टाकायची हिंमत होणार नाही.

मार्चच्या शिबिरात त्यांनीच मला सांगितलं होतं. महिन्याच्या तीस गोळ्या त्यांनी पाड्यावरच्या पंधरा घरांत दोन-दोन वाटल्या होत्या. "डोकं समद्यांचंच दुखतं. फुकटचं औषध, मी एकटीनं कसं खाऊ?"

मी हसले. रांग लांब होती, आम्हाला उजेड असतानाच घोटी गाठायची होती. समजावत बसले नाही, नवी पाकिटं हातात दिली. नाशिकला येऊन हा किस्सा रंगवून सांगितला. सगळे हसले.

शिबिरात त्या दिवशी माझंही डोकं दुखत होतं. आक्काबाईंनी नव्या पाकिटातली एक गोळी काढून माझ्या हातावर ठेवली. "घे पोरी, ही तुझी वाटणी."

मी ती परत केली नाही. अजून माझ्या एप्रनच्या खिशात आहे.

मनाली,
शिबिरात औषधं देणारी