घरात ऐकू न येणारं वाद्य

आई,

परवा क्लासमध्ये एका मुलीनं विचारलं, मॅम, तुम्ही बास गिटार का सुरू केलंत. हे मला सगळेच विचारतात आणि मी दर वेळी तेच सांगते. कॉलेजच्या बँडमध्ये तीन मुलं गिटार वाजवणारी होती, तिघांनाही पुढं उभं राहायचं होतं, मागची जागा कुणालाच नको होती, म्हणून ते चार तारांचं जड प्रकरण माझ्या खांद्यावर आलं. हे खोटं नाही. पण माझं कारण वेगळं आहे, आणि ते ऐकायला छान वाटत नाही म्हणून मी सांगत नाही. मी बास धरलं, कारण ते तुला ऐकू येणार नव्हतं.

बंगळूरच्या बसवनगुडीतल्या आपल्या घरात ऐकू येणारं जे काही होतं ते सगळं तुझं होतं. सकाळी पुढच्या खोलीत तानपुरा लागायचा आणि मग दुपारपर्यंत घर तुझ्या शिष्यांचं. तू धारवाडहून लग्न होऊन आलीस, गाणं घेऊन आलीस. अप्पांच्या घरची माणसं इतक्या पिढ्या इथं राहिलेली की त्यांचं मराठी निम्मं कन्नड झालेलं, त्याला तू हसायचीस. पण तुझ्या गाण्याला हसायची कुणाची हिंमत नव्हती. आजूबाजूला सगळं कर्नाटक संगीताचं वातावरण, आणि त्यात तुझ्याकडे हिंदुस्थानी शिकायला लांबून मुली येत. त्यांच्यात मी पण बसायचे, मागच्या रांगेत, बारा वर्षांची होईपर्यंत.

त्या गुरुपौर्णिमेला सगळ्या मुली एकेक करून गायल्या. मुलींचे आईवडील आले होते. माझी पाळी आली तशी मी तंबोऱ्याजवळ जाऊन बसले. तू माझ्याकडे न बघताच म्हणालीस, "तुझं नको. तू चहाचं बघ." कुणी हसलं नाही, हे मला जास्त लागलं. माझ्या जागी अक्का गायली. अक्का म्हणजे तुझी सगळ्यात लाडकी शिष्या, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. तिच्या पहिल्याच सुराला खोली शांत झाली आणि मी आत जाऊन चहा गाळला.

संध्याकाळचं ते स्वयंपाकघर अजून जसंच्या तसं दिसतं मला. तू खाली बसून शेंगा सोलते आहेस, दाणे भांड्यात आणि सालं कागदावर. मी दारात उभी आहे.

"तुला राग आलाय," तू म्हणतेस.

"सगळ्यांसमोर कशाला सांगितलंस?"

"उद्या एकटीला सांगितलं असतं तर सूर आला असता का? बघ बाई, गळ्यात सूर असतो नाहीतर नसतो. तुझ्या नाही. मी आई आहे म्हणून खोटं सांगत बसले तर वर्षं तुझीच जातील."

"पण मला आवडतं."

"आवडतं तर ऐक की. नको कोण म्हणतंय?"

तू चिडली नव्हतीस. हात थांबले नव्हते तुझे. पुढं फार जणांनी मला समजावलं की तुझ्या आईचा स्वभाव कडक होता, मनात काही नव्हतं. मला ते पटत नाही. तुझ्या मनात जे होतं तेच तू बोललीस, आणि गळ्याबद्दल तू बरोबर होतीस. आजही मी गायला तोंड उघडलं की सूर खाली उतरतो. पण त्यापुढचं जे तू गृहीत धरलं होतंस, की ज्याला येत नाही त्यानं बाहेर बसायचं आणि येणाऱ्यांचं ऐकायचं, ते मला त्या दिवशीही मान्य नव्हतं. फक्त बाराव्या वर्षी उत्तर सुचलं नाही. त्याला कॉलेजपर्यंत वेळ लागला.

बास घरी आणलं तेव्हा दार अप्पांनी उघडलं.

"हे कसलं ग? आवाज येतो का याचा?"

"अँप्लिफायरला जोडल्याशिवाय येत नाही."

"सरी, बरं. मग जोडू नको," म्हणाले, आणि परत पेपर वाचायला बसले.

मी जोडलं नाही. पुढच्या खोलीत तू शिकवत असायचीस आणि मागच्या खोलीत पलंगावर बसून मी तारा छेडत असायचे. नुसत्या खोलीत त्याचा आवाज म्हणजे कुणीतरी बोटानं टेबल वाजवावं इतपत. पण हनुवटी लाकडाला टेकवली की तोच सूर जबड्यातून आत शिरायचा, दातांत, कानांच्या मागं, छातीत. तुझ्या घरात, तुझ्या क्लासच्या वेळेत, माझ्या डोक्यात माझा एक खर्ज चालू असायचा आणि तुला त्याचा पत्ता नसायचा. कधी कधी तर तुमच्याच तानपुऱ्याच्या षड्जावर मी माझी तार लावून घ्यायचे. इतका आनंद मला त्याआधी कशातच झाला नव्हता. त्यात चोरीचा आनंद होता, हे कबूल. पण मी चोरत काय होते? सूर कुणाच्या मालकीचा नसतो.

तू एकदा ऐकलंस. कॉलेजच्या गॅदरिंगला अप्पा तुला घेऊन आले होते. घरी परतताना तिघं एका रिक्षात, बास माझ्या मांडीवर आडवं, त्याचं टोक बाहेर.

"कसं वाटलं?" अप्पांनी तुला विचारलं.

"हिचं कुठं काय होतं त्यात? मला तर हिचं काही ऐकूच आलं नाही."

"मी मध्येच थांबले असते ना," मी म्हटलं, "तर कळलं असतं."

तू माझ्याकडे बघितलंस. काहीतरी बोलशील असं वाटलं. मग ड्रायव्हरला म्हणालीस, "स्वल्प निधान होगप्पा," हळू चालव म्हणून.

पुढं मला नोकरी लागली. ऑफिसजवळ म्हणून मी मारतहळ्ळीला राहायला गेले आणि तिथं पहिल्याच आठवड्यात अँपला तार जोडली. खालच्या मजल्यावरचे लोक भांडायला आले. मी त्यांची माफी मागितली, पण मनातून मला बरं वाटलं. कुणीतरी ऐकलं होतं. अप्पा गेले, मग तू आजारी पडलीस. हॉस्पिटलमध्ये एका दुपारी तू विचारलंस, "अजून ते चालू आहे?" मी हो म्हटलं. तू "बरं" म्हणालीस आणि कूस बदललीस. ही गोष्ट ऐकली की लोकांचे डोळे पाणावतात. म्हणजे शेवटी त्यांनी स्वीकारलं, असं म्हणतात. मी त्या "बरं"मधून काही काढलेलं नाही, काढणारही नाही. तू थकली होतीस आणि तुला झोप आली होती. तुझी परवानगी नसतानाच मी वाजवत आले. ती मागाहून मिळाली असं समजून मला काय करायचंय?

तू गेल्यावर काही वर्षांनी मी नोकरी सोडली आणि क्लास काढला. चष्म्याच्या दुकानावर एक खोली आहे, रिंग रोडचा आवाज आत येतो. येणारे बहुतेक जवळपासच्या ऑफिसांतले. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारते, का शिकायचंय. एकाची बायको सोडून गेली, संध्याकाळी हातांना काहीतरी काम हवं म्हणून. एकीला गर्दीत उठून दिसायचं नाही पण गर्दीत असायचंय, म्हणून बास. एका मुलाला एक मुलगी आवडते, तिला गिटारवाले आवडतात. त्यानं हे इतकं सरळ सांगितलं की मला तो तिथंच आवडला. एक बाई म्हणाल्या, माहीत नाही. त्यांनाही मी घेतलं. मला अजून असं एकही कारण भेटलं नाही की ज्यासाठी कुणाला दारातून परत पाठवावं.

मग यंदा पावसाळ्याआधी एका शनिवारी अक्का आली. दोन बस बदलून, हातात छत्री, केस पांढरे. मी खुर्ची पुढं केली. तिचा आवाज ऐकून मी दचकले. जाड, खरखरीत, वाक्याच्या शेवटी हवा निघून जाणारा. गळ्याचं ऑपरेशन झालं होतं. आवाज परत आला तो बोलण्यापुरता.

"मला हे शिकव," तिनं भिंतीवरच्या बासकडे बोट केलं.

"अक्का, तुझा तानपुरा आहे ना घरी?"

"तानपुरा लावला की गळा आपोआप उघडायला जातो. आणि मग..." तिनं हात हलवला. "हे हातात घेतल्यावर गळ्याला काही आठवणार नाही."

"पण का?"

"घरात सगळे माझ्याशी हळू बोलतात. मी खोलीत आले की सून टीव्हीवरचं गाणं बंद करते. चांगली आहे पोरगी, मला वाईट वाटू नये म्हणून करते. मला कंटाळा आलाय त्या शांततेचा. मला काहीतरी मोठ्यानं करायचंय."

मी तिच्या मांडीवर बास ठेवलं आणि अँपचा आवाज वाढवला. तिनं अंगठ्यानं सगळ्यात जाड तार ओढली, खुर्ची थरथरली, आणि अक्का खुर्चीच्या हाताला धरून हसायला लागली. हसून झाल्यावर म्हणाली, "बाईंनी मला कधी विचारलंच नाही ग, गायला आवडतं का म्हणून. येत होतं, म्हणून गात होते." ते मला माहीत नव्हतं. मला जमत नाही म्हणून मला उठवलंस, तिला जमतं म्हणून बसवलंस. विचारलं दोघींनाही नाहीस.

तुझे शिष्य दर वर्षी तुझ्या पुण्यतिथीला बसवनगुडीत एक हॉल घेऊन कार्यक्रम करतात. मला दिवा लावायला बोलावतात. यंदा व्यवस्था बघणाऱ्या तुझ्या जुन्या शिष्याचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, दिवा लावीन, पण वाजवीन पण.

"काय वाजवाल?"

"बास गिटार. अक्का पण आहे माझ्याबरोबर."

"अक्का गाणार?" त्यांचा आवाज एकदम बदलला.

"नाही. वाजवणार."

ते विचार करून सांगतो म्हणाले. संध्याकाळी कळवलं की लोक येऊन बसत असताना, सुरुवातीला, थोडा वेळ चालेल. मला कळलं की म्हणजे कुणी ऐकत नसताना. मी सरी म्हटलं. कुणी ऐकत नसताना वाजवायची मला लहानपणापासून सवय आहे.

आम्ही पांढऱ्या चादरीवर खुर्च्या ठेवून बसलो, ते काहींना खटकलं. अक्का फक्त षड्ज आणि पंचम देत होती, मी त्यावर भूप अगदी सावकाश मांडत होते. लोक येत होते, चपला काढत होते, बोलत होते. हळूहळू बोलणं कमी झालं. एकदा अक्काचं बोट भलत्याच सुरावर पडलं आणि ती स्टेजवर, तुझ्या फोटोच्या शेजारी, मोकळेपणी हसली. तिच्या सुनेनं पहिल्या रांगेत तोंडावर पदर धरला. पुढं मी खालच्या गंधारावर आले आणि तुझ्या फोटोची काच झणझणायला लागली. फ्रेम ढिली होती. एक कार्यकर्ता धावत आला आणि रुमाल लावून फ्रेम दाबून उभा राहिला, माझ्याकडे बघत, आता पुरे करा अशा चेहऱ्यानं. मी आवाज कमी केला नाही. तोच गंधार परत घेतला, जास्त वेळ धरला, आणि मगच खाली उतरले.

नंतर कॉफी घेताना ते जुने शिष्य जवळ आले. वाईट माणूस नाही. म्हणाले, "तसं चांगलं झालं. पण खरं सांगू? बाईंना हे चाललं नसतं."

"नसतंच चाललं," मी म्हटलं.

"मग?"

"मग काय. त्या नाहीत. मी आहे."

बोलून गेले आणि माझे मलाच बरे वाटले ते शब्द. अक्का माझ्या बाजूला उभी होती, दोन्ही हातांत कॉफीचा पेला, बोटांच्या टोकांना लाल चट्टे. निघताना ती शनिवारची वेळ विचारून गेली.

हे पत्र मी कुठं ठेवणार नाही. तुझ्या फोटोपुढंही वाचणार नाही. वाचलं तर तुला सांगितल्यासारखं होईल, आणि शेवटचं जे आहे ते मला तुला सांगायचं नाही. गेल्या शनिवारी एक निवृत्त शिक्षक आले. मुलाकडे राहतात, इथं कुणाची ओळख नाही, हौस आहे म्हणाले. मी दिलेला सूर त्यांनी गुणगुणून दाखवला, तो सुराच्या आसपासही नव्हता. परत दिला, परत तेच. मग बास खाली ठेवून त्यांनी विचारलं, "खरं सांगा मॅडम, माझ्यात आहे का काही?"

मला पहिल्याच सुराला कळलं होतं, आई. प्रत्येकाचं कळतं, दारात उभं राहून कुणी नुसतं गुणगुणलं तरी कळतं, आणि तेवढ्यापुरती कपाळावर आठी पडते ती तुझी असते. मी ती पुसली आणि त्यांना म्हटलं, शनिवारी दहाला या.