रिकामी परत आलेली कुंडी

गुरुवार, संध्याकाळ

सुमीने कुंडी परत पाठवली. धुऊन, पुसून, रिकामी. वॉचमनने हातात दिली. "ताई, तुमच्या बहिणीनं दिलीय. वर जा म्हणालो, तर नको म्हणाल्या."

म्हणजे वारज्याहून इथवर आली आणि जिना चढली नाही.

आई गेली त्या दिवशी मी तिला उशिरा कळवलं, तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. आईच्या लाल जिरेनियमची फांदी या कुंडीत रुजवून रविवारी मीच तिच्या दाराशी ठेवून आले होते. चिठ्ठी नाही लिहिली. काय लिहिणार?

झाड ठेवून घेतलं असेल का? फेकायचंच होतं तर कुंडी धुतली कशाला? पण रिकामी? आमच्याकडून शेजारणीची वाटीसुद्धा कधी रिकामी परत गेली नाही. आई चिमूटभर साखर तरी घालायचीच. सुमी हे विसरली असेल, असं कसं म्हणू?

साखर कुंडीच्या भोकातून सांडली असेल, असंही मनाला समजावलं. मग मीच चिमूटभर टाकून पाहिली.

मातीची कुंडी आतून अजून ओलीच होती. साखर तळाला चिकटून राहिली. एक दाणाही खाली पडला नाही.