पोतनीस कन्स्ट्रक्शन माझ्या नावावर होतं

मी, विनोदिनी शरच्चंद्र पोतनीस, वय अडुसष्ट, राहणार टावर चौकामागे, फ्रीगंज, उज्जैन, हे मृत्युपत्र कुणाच्याही दडपणाखाली न येता, पूर्ण शुद्धीत करत आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. मला एक हाक ऐकू येते, हेही त्यांना सांगितलं. ते म्हणाले, त्यानं मृत्युपत्राला बाध येत नाही.

१. राहतं घर मुलगी केतकी हिला द्यावं. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

२. बँकेतील ठेवी केतकी आणि मुलगा निखिल यांनी सारख्या वाटून घ्याव्यात. माझे दागिने सून गौरीला. तिनं ते मोडले तरी चालतील.

३. पोतनीस कन्स्ट्रक्शन ही फर्म माझ्याबरोबर संपेल. निखिलनं या नावानं पुन्हा सरकारी ठेका घेऊ नये. तो रागावेल, म्हणून कारण लिहिते.

फर्म यजमानांनी उभी केली. कागदोपत्री मालक मात्र मी. तेव्हा ते सोयीचं वाटलं. ते दाखवतील तिथे मी सही करायची. नानाखेड्याच्या पुढे नाल्यावर पायी जाण्याचा पूल बांधायचं काम मिळालं. स्लॅब पक्का व्हायचा होता, खालचे टेकू काढायची वेळ आली नव्हती. पण मेळ्याची गर्दी येणार म्हणून खात्याच्या साहेबांनी पूल खुला करायला सांगितलं. यजमानांनी लेखी आदेश मागितला. साहेब म्हणाले, "पोतनीसजी, हम पर भरोसा नहीं है क्या?" अडकलेली बिलं त्यांच्याच टेबलावर होती. टेकू निघाले.

साइटचे चौकीदार होते दिलीप महादेव शिंगारे. पूल कुरकुरला तसे ते लोकांना माघारी वळवायला पुलावर धावत गेले. लोक परतले. दिलीप परतले नाहीत.

साहेबांनी कोर्टात सांगितलं की असा आदेश त्यांनी दिलाच नव्हता. आमच्याकडे कागद नव्हता. फर्म काळ्या यादीत गेली, अनामत जप्त झाली, आणि मालक म्हणून आरोपी मी झाले. यजमान झोपेत "परत फिरा" असं ओरडत उठायचे. दिलीपची ती हाक त्यांनी काठावरून ऐकली होती. खटला चालू असतानाच ते गेले. तेव्हापासून तीच हाक मला येते. दुपारी, भर उजेडात, स्वयंपाकघरात. मी मागे वळते. कुणी नसतं.

४. ते साहेब आता निवृत्त आहेत. यजमान गेले तेव्हा हार घेऊन आले होते. माझ्या वेळी त्यांना दारातूनच परत पाठवावं. भांडू नये, चहाही विचारू नये.

५. खटल्याच्या प्रत्येक पेशीला, म्हणजे तारखेला, दिलीपच्या पत्नी सुमन यायच्या. कोर्टाच्या व्हरांड्यात बाक एकच, म्हणून आम्ही शेजारी बसायचो. पहिल्या वर्षी त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मग एकदा त्यांनी विचारलं, "वहिनी, तुम्ही तो पूल पाहिला होता का?" मी नाही म्हटलं. त्यांनी डब्यातली अर्धी पोळी माझ्यापुढे केली. मी निर्दोष सुटले त्या दिवशी त्या उठून गेल्या. त्यांना थांबवायचं धैर्य मला झालं नाही.

घरामागच्या दोन खोल्या सुमन यांना द्याव्यात, असं मी ठरवलं होतं. केतकीचीही हरकत नव्हती. आज त्यांना बोलावून मसुदा वाचून दाखवला. दिलीपचं नाव आलं तिथे त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं. मग म्हणाल्या, साक्षीदार म्हणून सही त्या करतील. वकील अमृताताईंनी समजावलं की साक्षीदारालाच मृत्युपत्रातून काही मिळत असेल तर पुढे त्यावर वाद निघू शकतो. सही करायची तर खोल्या सोडाव्या लागतील.

सुमन म्हणाल्या, "फैसल्यात त्यांचं नाव एकदाच, पुढे सगळीकडे मृतक. इथे ते काय करायला धावले तेही लिहिलंय. खोल्या राहू द्या. सही मी करते."

म्हणून खोल्यांचं कलम काढलं आहे. हे पान नव्यानं टाइप केलं.

वरील मजकूर मी वाचला, तो माझ्या मनाप्रमाणे आहे. साक्षीदारांनी मला सही करताना पाहिलं आणि माझ्यासमोर आपापल्या सह्या केल्या.

सही: विनोदिनी शरच्चंद्र पोतनीस

साक्षीदार:
१. अमृता विलास मुळ्ये, वकील
२. सुमन, दिलीप महादेव शिंगारे यांची पत्नी

उज्जैन, ११ डिसेंबर २०२५