मत्स्यनगरीची सनद आणि खिडकीतले बोंबील

१० डिसेंबर १९५७
आज मानवी हक्क दिन. मुहूर्त उत्तम. मुलांसाठी अद्भुत कादंबरी सुरू: 'मत्स्यनगरीची सनद'. सगळे मासे समान. महिन्यात संपवणार. समुद्र दिसावा म्हणून रेवदंड्यात मुद्दाम ही खोली घेतली. खिडकीसमोर गोदूबाई कोळीण बोंबील वाळत घालते. समुद्र दिसत नाही, वास येतो.

१४ डिसेंबर
एक ओळ नाही. दोष वासाचा. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून दोरीवर टांगलेल्या जोड्या दिवसभर माझ्याकडे बघतात. शिसारी येते. अन्न जात नाही. आमची सौ. कमळ म्हणाली, काल बोंबलाच्या कालवणावर चार भाकऱ्या कशा गेल्या? शिजवलेल्याची गोष्ट वेगळी.

१९ डिसेंबर
ग्रामपंचायतीत अर्ज दिला. किनाऱ्यावर मासळी वाळवायला बंदी हवी. गोदूबाई म्हणाली म्हणे, मंग वाळवायची कुठं, मास्तरच्या डोसक्यावर? अशांच्या पोरांसाठी मी लिहितो.

२८ डिसेंबर, दुपारी
अखेर प्रतिभा जागी झाली. पहिलं प्रकरण एका बैठकीत. राजा खेकड्यांना किनाऱ्यावरून हाकलतो, तेव्हा चिमुकली कोळंबी म्हणते, 'ज्याचं पोट किनाऱ्यावर, त्याचा किनारा.' लिहिताना माझेच डोळे भरून आले. कमळने मला न विचारता पानं गोदूबाईच्या जनीला वाचायला दिली. पोर सातवीत आहे. पानांना वास लागणार.

५ जानेवारी १९५८
पंचायतीची सभा. मी अर्ज वाचला. मग जनी उठली आणि माझं अख्खं प्रकरण खणखणीत वाचलं. बायका पदराने डोळे पुसत होत्या. सरपंच बुधाजी म्हणाले, येवढ्या मोठ्या मनानं मास्तरांनी लिवलंय, मंग ह्यो अर्ज कुनी दिला? अर्ज एकमताने फेटाळला. माझी पानं अर्जासोबत पंचायतीच्या दप्तरात जमा. नक्कल ठेवलेली नाही. या लोकांची किळस येते.

९ जानेवारी
पानं परत मिळणार नाहीत. पुन्हा लिहायला बसलो, आठवेना. जनीला तोंडपाठ आहे. खोलीवर बोलावलं. उलट निरोप आला, आमाला येळ न्हाय, लिवायचं तर मास्तरांनी हितं यावं.

१० जानेवारी
गेलो. दोरीखाली, नाकाला रुमाल लावून. जनी बोंबील टांगता टांगता सांगत होती, मी उतरून घेत होतो. दोन वाक्यं तिने पदरची घातली. बरी होती, ठेवली. गोदूबाई म्हणाली, नुस्तं उभं ऱ्हान्यापरीस जरा हे धरा. उरलेलं प्रकरण डाव्या हातात ओले बोंबील धरून लिहिलं. रुमाल कुठे पडला कळलं नाही.

महिना संपला. प्रकरणं झाली: एक.