बॉब, सुझन आणि शेजारचे पीटरसन कुटुंबीय

ती. नलूताईस,

मनामाहून शरदचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे हल्ली चार-पाच अंगांचाच होतो, बाकीची अंगं समजून घे.) तुझी कंबर कशी आहे? दाजींची साखर उतरली का, की अजूनही देवघरातले पेढे 'प्रसाद' म्हणून खाताहेत? इथे आखातात डिसेंबर लागला तरी माणसं नुसत्या आशेवर स्वेटर घालून फिरतात. सुनंदा बरी आहे. ओजसही बरा असावा, मराठीत विचारलं की 'फाइन, बाबा' म्हणतो, त्यापलीकडे बापलेकांत बोलणं नाही. मी मात्र बरा नाही. फोन का करत नाही म्हणशील, तर फोनवर तू ऐन मुद्द्याला 'दूध उतू जातंय रे' म्हणून ठेवून देतेस.

तुला माहीतच आहे की एकतीस वर्षं मी इथल्या 'डेझर्ट कंट्री' रेडिओवर तंत्रज्ञ आहे. (गल्लीत तू 'शरद तेलाच्या कंपनीत आहे' असं सांगतेस, तेही माझ्या कानावर आलंय.) आम्ही अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतली गाणी लावतो. गिटार घेऊन एक माणूस रडतो: बायको गेली, ट्रक बिघडला, कुत्रं म्हातारं झालं. टेक्ससच्या वेड नावाच्या तेलवाल्याला घरची आठवण यायची, म्हणून त्याने हे स्टेशन काढलं, मुहर्रकमध्ये एका शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. विमानतळ अगदी उशाशी! खिडक्यांना गाद्या ठोकल्या तरी विमान उठलं की वेडचं बोलणं बुडायचं. शेवटी मी विमानांचं टाइमटेबल भिंतीवर चिकटवलं आणि गाणी त्याप्रमाणे बसवली. मुंबईचं विमान उठताना सर्वांत लांबलचक रडगाणं. ट्रान्समीटर होता मआमीरला, कारखान्यांच्या वासात. ऑगस्टमध्ये केबिनचा एसी बंद पडला की मी आणि जैनुद्दीन (आमचा क्लार्क, दापोलीचा, फार सरळ माणूस) पुठ्ठे घेऊन ट्रान्समीटरला वारा घालायचो. आम्हाला कोणी घातला नाही.

आता मुद्दा. पहिल्या वर्षी ऐकणाऱ्यांचा एक फोन येईना. वेड वैतागला आणि मला म्हणाला, काहीतरी कर, चार फर्माइशी लिहून आण, लोकांना वाटू दे की कोणीतरी ऐकतंय. मी कुठे अमेरिकन रेडिओ ऐकला होता? आपल्या स्वयंपाकघरातल्या रेडिओवर फर्माईश कशी यायची, तीच मला ठाऊक. एकट्या माणसाने गाणं मागायचं असतं का कधी? अख्खं घर मागतं! म्हणून मी चिठ्ठी लिहिली: अवालीहून (तेलकंपनीतल्या गोऱ्यांची वसाहत ती) बॉब, त्यांच्या पत्नी सुझन, मुलं टॉमी व लिंडा, बॉबचे थोरले काका आणि शेजारचे पीटरसन कुटुंबीय. वेडने ती आधी न बघता थेट कार्यक्रमातच वाचायला घेतली. थोरल्या काकांपाशी अडखळला, पीटरसनांपाशी हसू फुटलं, पण वाचली सगळी. मला वाटलं, गेली नोकरी. दुसऱ्या दिवशी एका खऱ्याखुऱ्या अमेरिकनाचा फोन आला. त्याने स्वतःचं, बायकोचं, सासूचं आणि कुत्र्याचं नाव सांगितलं, आणि शेजाऱ्यांचंही घ्या म्हणाला. आठवड्याभरात फोनची रांग लागली. तेव्हापासून आमच्याकडे अशीच फर्माईश येते. त्यावर स्टेशन चाललं, त्यावर जाहिराती आल्या. ज्या दिवशी फोन कमी, त्या दिवशी मी चिठ्ठ्या लिहायचो. शेकड्यांनी अमेरिकन कुटुंबं मी जन्माला घातली, त्यांची लग्नं लावली, बारशी केली. बॉबच्या काकांना तर दोनदा मारलं (एकदा चुकून).

एप्रिलमध्ये आमचा नवा मॅनेजर जयेश माझ्याकडे आला. मुंबईचा मुलगा, एमबीए, मराठी कळतं पण लाज वाटते. म्हणाला, सर, तुम्ही पहिल्यापासून आहात, वर्धापनदिनासाठी स्टेशनचा इतिहास लिहा. ताई, खोटं कशाला सांगू, मला भरून आलं. सहा महिने रोज शिफ्टनंतर लिहिलं. एकेचाळीस पानं! सुनंदाने चहा करून करून हात टेकले. त्या एकेचाळीस पानांचं जयेशने काय केलं? कॉम्प्युटरला भरवली, आणि त्यातून निघाली चार मिनिटांची फिल्म.

ती झल्लाकच्या एका हॉटेलात समुद्राकाठी दाखवली. सर्वांनी काउबॉयच्या टोप्या घालून यायचं होतं. माझी टोपी कानावर टेकायची, त्यामुळे मला अर्धंच ऐकू येत होतं, आणि ते अर्धंही पुरे झालं. पडद्यावर वेड आला, थेट टेक्ससहून, पांढराशुभ्र झालेला. आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, घरच्या सगळ्यांची नावं घ्यायची ही पद्धत त्याला त्याच्या आजीने शिकवली! त्याची आजी! मेलेली म्हातारी कशाला मधे आणली? वाईट याचं वाटतं की तो खोटं बोलत नव्हता. इतकी वर्षं सांगून सांगून त्याला ते खरंच वाटतंय. टाळ्या पडल्या. मी कुठे होतो म्हणशील, तर एका जुन्या फोटोत वेडच्या मागे माझं कोपर आहे. माझंच आहे, घड्याळावरून ओळखलं. मी उठून बोलणार होतो, पण जैनुद्दीनने बाही धरून खाली बसवलं. म्हणाला, "खलास, शरदभाऊ. जेवून घ्या." मी जेवलो. रागाच्या भरात तीनदा पुडिंग घेतलं आणि दोन दिवस त्याचे भोग भोगले.

असो. एकतीस वर्षांत आणि एकेचाळीस पानांत माझ्या वाट्याला कोपर आलं. मला आता इतिहासाचं काही देणंघेणं नाही. जो तो आपल्या मनाला येईल ते खरं म्हणून ठोकून देतो, आणि खरं बोलणारा माणूस कोपऱ्यात बसून पुडिंग खातो. दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. जपून राहा.

तुझा,
शरद

ता. क. मार्चअखेर माझी साठी होते. व्हिसा वाढवणार नाहीत, तसं पत्र हातात पडलंय. फिल्म वेबसाइटवर चढायची आहे पंधरा तारखेला. जयेशला मी खरं काय ते सांगितलं. म्हणाला, सर, स्टाफचं म्हणणं घेता येत नाही, एखाद्या जुन्या श्रोत्याचं पत्र मिळालं तर तुमचं नाव टाकतो. (जैनुद्दीनला आणखी दोन वर्षं राहायचंय, त्याला मी यात ओढणार नाही.)

ता. क. २. तर सोबत एक मजकूर जोडलाय. इंग्रजीत आहे, घाबरू नकोस, तुझ्या अक्षरात उतरवून काढ आणि सही कर. त्यात तू १९९५ ते ९८ अवालीत राहत होतीस. दाजी जिल्हा परिषदेत नव्हते, ड्रिलिंगमध्ये होते. एकदा फोन लावलास तेव्हा शरद नावाच्या तंत्रज्ञाने तुला घरच्या सगळ्यांची नावं विचारली आणि ही पद्धत आपणच काढल्याचं सांगितलं, ते तू विसरलेली नाहीस. खाली दाजी, दोन्ही मुलं, सुना आणि समोरचे कुलकर्णी यांची नावं घातली आहेत. हसू नकोस. दुसरं कोणी नाही गं माझ्याकडे.

ता. क. ३. त्यात एक जागा रिकामी सोडली आहे. तू तेव्हा कुठलं गाणं मागितलंस, ते तिथे लिहायचं. मी दोन रात्री बसलो होतो. बॉबला काय आवडायचं, सुझनला काय, पीटरसनांच्या धाकट्या मुलीला काय, सगळं मला तोंडपाठ आहे. तुला कुठलं गाणं आवडतं ते मात्र काही केल्या आठवेना, आणि मग लक्षात आलं की मी कधी विचारलंच नाही. तेवढं तू भर. मराठी असलं तरी चालेल.