सीटच्या कडेला बसणारा माणूस

कुपवाड, शनिवार

तीर्थरूप हरिबामामांना चारूचा वाकून नमस्कार.

"गाडीत माणसं मावत नसत्यात चारू, मावून घ्यायची असत्यात." मी पाचवीत होते. जतच्या बाजारातून परतताना तुमच्या वडापच्या, वाटेत हात करील त्याला घेणाऱ्या तीनचाकीत, तुमच्याच सीटवर, तुमच्या डावीकडे बसले होते. माझ्या पलीकडे एक पाटीवाली चढली, तेव्हा आणखी उजवीकडे सरकत तुम्ही हे म्हणालात. (पाटीत कोंबडी होती. तीही मावली.) हे वाक्य या आठवड्यात आमच्या किती कामाला आलं, ते सांगायला लिहितेय.

गुडघा कसा आहे? डोळ्यांत थेंब घालता ना? शेळी व्याली का? फोनवरच विचारलं असतं, पण मी मुद्द्यावर आले की तुम्हाला नेमका आवाज येईनासा होतो. म्हणून कागद.

मामा, आमची गाडी चालली! विजेवरची तीनचाकी, शेडपासून पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन न थांबता परत आली! येत्या गुरुवारी तिची तपासणी आहे. तपासायला येणाऱ्या माणसांसमोर ती अडली, तर दोन वर्षांची मेहनत गुंडाळून पुन्हा नांगराचे फाळ करायचे, असं मालकांनी हसत हसत सांगितलंय. (ते हसत सांगतात तेच खरं असतं.)

तुम्हाला वाटेल, गाडीला चाकं लावली, बॅटरी ठेवली, झालं. तसं नसतं. पूर्वी आधी सांगाडा व्हायचा आणि वायरी शेवटी जिथे फट मिळेल तिथे कोंबायच्या. मी हट्टानं ते मोडलं. लग्नातल्या दोन्हीकडच्या माणसांना पहिल्या बैठकीला बोलवायचं असतं, थेट पंगतीला नाही. तसं मोटर, बॅटरी, ब्रेक, ड्रायव्हरसमोरचा पडदा, प्रोग्राम, सगळ्यांना मी पहिल्या दिवसापासून एका आराखड्यात बसवलं. त्याचा मला फार अभिमान होता. (होता.)

सोमवारी चालवून बघायला धुळा आला. तोही तुमच्यासारखाच, तीस वर्षं वडाप केलेला. गाडी वीस फूट गेली आणि थांबली. पडद्यावर अक्षरं आली, 'चालक नाही'. धुळानं पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आवं ताई, चालक न्हाई म्हंजे? मग मी कोण हाय? सरकारचा जावई?"

सीटखाली एक चकती आहे. ड्रायव्हर बसलाय हे तिला कळलं तरच मोटर फिरते, म्हणजे तो उतरल्यावर गाडी आपली आपण पळू नये. आमच्या वायरी जोडणाऱ्या सरफराजनं सगळ्या वायरी उसवल्या आणि दोष प्रोग्रामचा ठरवला. प्रोग्राम लिहिणाऱ्या मुकुलनं सगळा प्रोग्राम तपासला आणि दोष वायरींचा ठरवला. मुकुल स्वतः बसला की गाडी शहाण्यासारखी चाले. धुळा बसला की थांबे. तीन दिवस हेच. शेवटी सरफराज म्हणाला, "धुळाभाऊ, गाडी तुमाला माणसात धरंना झालीय." धुळा त्या दिवशी चहासुद्धा प्याला नाही.

गुरुवारी दुपारी डबा खाताना मी सहज पाहिलं. अख्खा बाक रिकामा, आणि धुळा एका टोकाला, अर्ध्या बुडावर, भाकरी मोडत बसलेला. मी विचारलं, असे का बसता हो? तो म्हणाला, "बसायचं म्हंजे असंच की. कुणी आलं तर?"

मामा, माझ्या हातातला घास तसाच राहिला. त्याच क्षणी तुमचं वाक्य ऐकू आलं! माझ्या आराखड्यातला ड्रायव्हर मधोमध, ताठ, फोटोतल्या नवरदेवासारखा बसलेला. चकतीही मधोमध; कडेला सरकलेला धुळा तिला कळणार कसा? पहिल्या बैठकीला मी सगळ्यांना बोलावलं होतं, फक्त गाडी चालवणाऱ्याला विसरले होते. तुमच्या सीटवर वाढलेल्या मुलीनं!

आता सीटखाली तीन चकत्या आहेत, मध्ये एक आणि कडांना दोन. काल धुळा बसला, गाडी गेली, आली. सरफराजनं त्याला स्वतः चहा दिला. मी शेडमागे जाऊन थोडं रडून घेतलं. (आनंदानं. बहुतेक.)

तुमची,
चारू

ता. क. ड्रायव्हरशेजारी दुसरं कुणी बसलं की गाडी आता मोठ्यानं ओरडते. तसा कायदाच आहे. तुमचं वाक्य मी अर्धंच पाळलं, रागावू नका.

ता. क. २. धुळा डाव्या कडेला बसतो. उजव्या चकतीची चाचणी राहिलीय. सरफराजला तिथं बसवलं तर पाच मिनिटांत सरकत मध्ये येतो. जन्माची सवय असलेलाच माणूस हवा. तुम्ही उजवीकडे सरकायचात, कारण डावीकडे मी असायचे.

ता. क. ३. दिवाळीला आले तेव्हा पाहिलं. मामी जाऊन दोन वर्षं झाली, तरी तुम्ही बाजेच्या कडेलाच बसता. चाचणी दहा मिनिटांची आहे, पण चार कपडे जास्त आणा. शेळीही आणा, परसात मावून घेऊ. इथे राहायला या म्हटल्यावर तीनदा नाही म्हणालात, चौथ्यांदाही म्हणाल, ठाऊक आहे मला. तरी बुधवारच्या सकाळच्या एसटीनं या.